रणगाड्यातला चहा

ते १९८४ साल. शांतता टिकवायला शस्त्रं लागतात, आणि ती दूरच्या माणसाला विकली की त्यांचा आवाज आपल्या झोपेपर्यंत येत नाही, हे ब्रिटिश सरकारला तोवर पुरतं पटलेलं होतं.

लंडनच्या ज्या कचेरीत हे काम चाले, तिथे 'विक्री' हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. तिथे मैत्री होई. गिऱ्हाइकाला मित्र म्हणत (पैसे चुकते झाले की जुना मित्र), बाँबला सामग्री म्हणत, आणि बाँब पडल्यावर जे होतं त्याला काहीच म्हणत नसत. काय सभ्य माणसं होती! हल्ली ती अदब राहिली नाही.

मिस एनिड थ्रेलफॉल त्या कचेरीत पाहुणचार बघे. मे महिन्यात आखातातल्या वादी-मुर्जानच्या अमिरांसाठी वाळवंटात नव्या रणगाड्याचं प्रात्यक्षिक ठरलं, तेव्हा तीही निघाली. आदल्या दिवशी तिच्या भावाचा, स्टॅनलीचा फोन आला. तो रणगाडा ज्या कारखान्यात बनत होता, तिथेच तो फिटर होता.

"एनिड, ही ऑर्डर हुकली तर नाताळाआधी गेटला कुलूप. आमचं अख्खं गाव घरी बसेल. त्या शेखांना नीट खाऊ-पिऊ घाल, बाई."

"अरे, मी नुसत्या खुर्च्या मांडते."

"मग नीट मांड!"

तिने नीट मांडल्या. खरी पंचाईत बोलण्याची होती. तुरुंग, वर्तमानपत्रं, सरहद्द आणि फ्रेंच, हे विषय काढायचे नाहीत असा राजदूतांचा हुकूम होता. उरलं हवामान, आणि तेही रोज तेच. फ्रेंच मंडळी आठवड्यापूर्वीच येऊन गेली होती, आणि त्यांचा रणगाडा हरणासारखा पळाला होता.

अमिरांचे भाऊ, संरक्षणमंत्री शेख मुसाइद, स्वतः रणगाड्यात उतरले. रणगाडा टेकडी अर्धी चढला, खोकला आणि बंद पडला. वर काळा धूर.

"हा ठरलेला थांबा आहे," विक्रीप्रमुख, म्हणजे मैत्रीप्रमुख, सर रोलंड पेटिफर जमलेल्यांना म्हणाले. मग हळूच, "मिस थ्रेलफॉल, ते आत जिवंत असतील ना हो?"

बराच वेळ कुणी बाहेर येईना. एनिडला डोळ्यांसमोर गेटचं कुलूप दिसू लागलं. पाहुणा आपला, जबाबदारी आपली, असं म्हणून ती उंच टाचांनी वाळू तुडवत गेली, वर चढली आणि झाकणातून आत डोकावली.

आत कॉर्पोरल डॉब्ज चहा ओतत होता. (प्रत्येक ब्रिटिश रणगाड्यात पाणी उकळायचं भांडं बसवलेलं असतं. नाहीतर सैनिक चहासाठी खाली उतरतो आणि शत्रूला सापडतो.)

"या, या बाई!" शेख घाम पुसत म्हणाले. "फ्रेंचांच्या गाडीत काय होतं? नुसती तोफ! दारी आलेल्या माणसाला पाणीसुद्धा विचारलं नाही मेल्यांनी."

"दूध घालू, शेखसाहेब?" डॉब्जने विचारलं.

"दूध? चहाने तुझं काय वाकडं केलंय? पुदिना नाही?"

एनिडने एक श्वास घेतला. "ऑर्डरीबरोबर पुदिन्याचा कप्पा बसवून देऊ."

"आणि वेलदोडा?"

"त्याला वेगळा."

"इंजिनाचंही बघू आम्ही," सर रोलंड खालून ओरडले.

"इंजिनाला काय झालंय?" शेख म्हणाले. "गाडी थांबल्याशिवाय माणूस चहा पिणार कसा?"

संध्याकाळी सह्या झाल्या. पुढच्याच महिन्यात शेजारच्या अमिरातीने तसेच रणगाडे मागितले, पण मोठ्या भांड्याचे. प्रदेशातला समतोल राखायचा म्हणून तेही दिले. पार्लमेंटात कुणीतरी प्रश्न विचारला, तेव्हा ही वाहनं मुख्यतः चहासाठी आहेत, असं उत्तर देऊन सरकारने सभागृहाची मनं जिंकली.

पुढे सर रोलंड लॉर्ड झाले. डॉब्जने समुद्रकाठी चहाचं दुकान काढलं. शेख मुसाइदना पुतण्याने हाकललं. ते लंडनमध्ये राहिले आणि मरेपर्यंत तिथल्या चहाला नावं ठेवत राहिले. एनिडला पदक मिळालं. स्टॅनली पूर्ण पेन्शन घेऊन निवृत्त झाला, आणि त्याच्या गावात अजून दिवाळखोर म्हणून कुणी नाही.

रणगाडे एकदाच बाहेर निघाले, वादी-मुर्जानच्या चौकात. तिथे काही माणसं रोटी स्वस्त करा म्हणत उभी होती. रणगाड्यांनी या वेळी कुठेही थांबा घेतला नाही.

त्या माणसांची नावं कचेरीत कुणाला ठाऊक नव्हती. तुम्हीही विचारली नाहीत म्हणा. सह्या झाल्या तेव्हा स्टॅनलीसाठी तुम्हालाही बरंच वाटलं होतं.