ईशान्य पायाचे चार बोल्ट चुकले त्याचा वृत्तांत

श्रीविश्वकर्मा प्रसन्न. ज्याचे नजरेस ओळंबा चुकत नाही, तो या लिहिणाराची ओळ सरळ राखो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, राज्यात धान्याचे थोर कोठार उभारावयाचा हुकूम जाहला. नऊ पाये खणिले, त्यांवर नऊ लोखंडी खांब यावयाचे, आणि खांब आवळावयास पायापायांत चार चार बोल्ट काँक्रिटात रोवावयाचे, ऐसा बेत ठरला. काम भिवजी मुकादम यांजकडे. तीस वर्षांचे मुरलेले, तोंडाचे फटकळ आणि श्रद्धेचे बहुत. ईशान्येचा पाया मानाचा, म्हणोन तेथील बोल्टांची जागा धरणारा लाकडी फर्मा उचलोन पूजिला, कुंकवाने त्यावर श्री काढिली, नारळ फोडिला, आणि मग फर्मा जागी बसविला, तो श्री आडवी दिसो लागली. मुकादम गरजले, "अरे, देवाला आडवे निजवता काय?" आणि स्वहस्ते फर्मा पाव फेरा फिरविला. श्री सरळ जाली. मग त्यातच बोल्ट अडकविले, काँक्रीट ओतिले, आणि सर्वांनी पेढे खाल्ले.

दहावे दिवशी फर्मा काढोन मुकादमांनी टेप लाविली, तो काय पाहतात? चार बोल्टांचे चौकटीची लांब बाजू उत्तर-दक्षिण पाहिजे, ती पूर्व-पश्चिम जाली होती! चारही हुकले, काँक्रीट दगड जाले, आणि खांब पाच रोजांत येणार. हुसेनभाई वेल्डर जवळ येऊन हळूच म्हणाले, "मुकादम, हे कापू. योग्य जागी चार तुकडे वरवर चिकटवू, नट आवळू. कोण उकरून बघतंय?" मुकादमांस मसलत गोड लागली, खोटे कशास बोला! आणि तोच मेहुणे हैबतराव चहा घेऊन आले. खांब उभा केला की त्यावर चढोन क्रेनचा हूक सोडावयाचे काम यांचेच. म्हणाले, "दाजी, पाया पक्का ना? वर मी एकटाच असतो बरं." मुकादम म्हणाले, "पक्का." आणि तो शब्द जो घशात अडकला, तो चहाने खाली उतरेना, पाण्याने उतरेना, जेवावयास बसले तो घास फिरो लागला. डोळे मिटले की खांब कलताना दिसे आणि हैबतराव त्यास बिलगलेले दिसत. मग मुकादम उठले आणि इंजिनेर यमुनाबाईसाहेब यांचे पुढे जाऊन उभे राहिले. "बाईसाहेब, चूक माझी. कामावरून काढा, पण त्या पायावर माणूस चढवू नका."

बाईसाहेब उठोन पायाशी गेल्या, बोल्ट पाहिले. मग पुसिले, "कापून वरवर काही चिकटवलं तर नाही?" "नाही." "मग वाचलो." लागलीच हुकूम सुटला. जुने बोल्ट काँक्रिटालगत कापिले, आतील सळया यंत्राने शोधिल्या, त्या चुकवोन खोल छिद्रे पाडिली, हवा मारोन भुकटी उडविली, चिकट रसायन भरोन नवे बोल्ट रोविले, आणि दोन दिवस कोणी शिवो नये ऐसी ताकीद दिली. मग पकड पाहावयास जॅक लावोन एकेक बोल्ट वर ओढिला. जोराचा काटा चढे तैसे मुकादम पांढरे पडत. चौथा बोल्ट ओढता कट् ऐसा आवाज जाला, आणि मुकादम मटकन खाली बसले. पाहतात तो जॅकखालील लाकडी ठोकळा चिरला होता. बोल्ट जैसाच्या तैसा.

पाचवे दिवशी खांब उभा केला, नट आवळिले, आणि हैबतराव वर चढले. राज्याचा रिवाज ऐसा, की पाया ज्याचा, त्याने हूक सुटेतो खांबास हात लावोन उभे राहावे. मुकादम उभे राहिले. हूक सुटला, क्रेन मागे सरली, आणि मुकादम किंचाळले, "हालतोय! खांब हालतोय! हैबती, उतर!" एकच पळापळ जाली. बाईसाहेब मात्र चालत आल्या, मुकादमांचे हाताशेजारी आपला तळवा टेकविला, ओळंबा पाहिला, आणि हळूच म्हणाल्या, "मुकादम, खांब उभा आहे. हात तुमचा हालतोय." वरून हैबतराव ओरडले, "दाजी, उतरू, का चहा वरतीच धाडता?" मंडळी हसली. मुकादमांस हसू आले नाही. हात निघेना. शेवटी हैबतराव खाली आले आणि त्यांनीच दाजींची बोटे एकेक करोन खांबावरोन सोडविली.

ऐसा ईशान्य पायाचा प्रकार जाहला तो लिहिला. कोठार भरले, खांब उभा आहे. मुकादम अद्याप प्रत्येक फर्म्यास तीन वेळा टेप लावितात, आणि हैबतराव निर्धास्त चढतात.