घर नंबर त्रेचाळीस विकणे आहे

सन एकसष्टच्या मार्गशीर्षात खाजणपाड्याच्या ग्रामपंचायतीने जमिनीच्या दलालांसाठी परवाना काढला आणि गावातल्या सगळ्या दलालांनी तो घेतला. सगळे म्हणजे हिरामण म्हात्रे. गावात दलाल तो एकटाच होता आणि परवान्याची पाळीही त्याच्यामुळेच आली होती. गेल्या वर्षी त्याने 'समुद्राला लागून जमीन' अशी पाटी लावून दादरच्या एका मास्तरांना एक तुकडा घेऊन दिला. पाटी खोटी नव्हती. समुद्र दिवसातून दोनदा त्या जमिनीला येऊन लागत असे. मास्तर आपल्या जमिनीत गुडघाभर पाण्यात उभे राहून जे ओरडले, ते थेट पंचायतीत ऐकू आलं.

ग्रामसेवक खोपकर तरुण होते, नवे होते आणि नियम लिहायची त्यांना हौस होती. त्यांनी दलालांच्या पाट्यांसाठी चौदा नियम लिहिले. सरपंच मोरू पाटलाने ते न वाचता मंजूर केले, कारण वाचले असते तर मंजूर करायला वेळ लागला असता.

परवाना खिशात पडताच हिरामण पाटीचा मजकूर घेऊन कचेरीत गेला. मुंबईत राहणाऱ्या एका मालकाची वाडी विकायची होती. खोपकरांनी कागद वाचला आणि पेन्सिल उचलली.

"'नारळी-पोफळीची सुंदर वाडी.' यातलं 'सुंदर' काढा. असल्या शब्दांना बंदी आहे."

"बरं. 'गोड पान्याची हीर' तरी ऱ्हाऊ द्या."

"गोड कशावरून? दाखला आहे?"

"नुसती हीर ठेवा मग."

"मालकाची लेखी संमती आहे?"

"तीन कागद धाडले मुंबईला. उत्तर न्हाय."

"मग मालकाचं नाव नको, जागेचं वर्णन नको, आणि त्या जागेवर पाटीही नको. संमती येईपर्यंत दलालाने पाटी आपल्या कचेरीवर लावावी."

"माजी कचेरी म्हंजे माजी ओटी हाय, सायेब."

"फारच छान," खोपकर म्हणाले आणि त्यांनी उरलेल्या ओळींवर काट मारली. "आणि दलालाचं नाव सर्वांत मोठ्या अक्षरात. जबाबदार कोण, ते लोकांना कळलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी हिरामणच्या ओटीवर पाटी लागली: 'विकणे आहे. हिरामण धर्मा म्हात्रे. परवाना क्रमांक १.' स्वतःचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. तो दहा पावलं मागे गेला, मान तिरकी करून पाहत राहिला, आणि नावाच्या कौतुकात वरची ओळ वाचायचं राहून गेलं.

ती शेजारच्या सखुबाईने वाचली आणि ती तडक स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आवडे, नवऱ्याला इकायला काढलास?"

"त्याला कोन घेतंय?" आवडाबाई बोंबील साफ करता करता म्हणाली. "घेतला तरी दोन दिसांत परत आनून देतील."

पण गावाने पाटीचा अर्थ लावायचा तो लावलाच. हिरामण घर विकून मुंबईला चालला, ही बातमी दुपारपर्यंत चौलला पोचली आणि संध्याकाळी रेवदंड्याहून एक किराणा दुकानदार बायकोसह येऊन धडकला. त्याने ओटी पावलांनी मोजली. बायको चपला काढून थेट आत गेली.

"चूल हितनं हलवायला लागंल," ती चुलीपाशी बसलेल्या आवडाबाईलाच म्हणाली.

"घर इकायचं न्हाय!" हिरामण ओरडला.

"समजलं," दुकानदार डोळा मिचकावून म्हणाला. "भाव वाढवताव. वाढवा. आमी परत येव."

तिसऱ्या दिवशी पेणकडचे दादू ठाकूर आले आणि प्रकरणातली गंमत संपली. दादूंची मिठागरं होती, आणि त्यांच्या मुलाशी हिरामणच्या केसरचं लग्न माघात ठरलं होतं. दादू ओटीवर चढले, पण बसले नाहीत. केसरने आणलेल्या पाण्यालाही शिवले नाहीत.

"व्याही, घर इकून चाललाव, नि आमाला खबर न्हाय?"

"घर न्हाय वो इकत!"

"मग काय इकताव? पाटीवर तर तुमीच हाव." दादू पायऱ्या उतरले. "आठ दिसांत पाटी गेली न्हाय, तर लगीन मोडलं म्हनून समजा. बिनघराच्या व्याह्याकडं माज्या पोरानं दिवाळसनाला जायचं कुठं?"

आत केसरच्या हातातलं पाण्याचं भांडं खाली पडलं. ते घरंगळत कोपऱ्यात गेलं, पण उचलायला कोणी उठलं नाही. हिरामणने जगाला भरतीत बुडणारी बरीच खाजणं विकली होती, पण मुलीच्या बाबतीत तो सरळ माणूस होता. त्याने हातोडी उचलली आणि पाटीचा पहिला खिळा उपटला. तेवढ्यात समोरून सायकलवरून खोपकर आले.

"अहो, काय करताय? मंजूर झालेली पाटी विक्री होईपर्यंत उतरवता येत नाही. गिऱ्हाइकाला फसवून पाटी गायब करायची, ही तुमचीच जुनी सवय, म्हणून हा नियम केला. उतरवलीत तर परवाना गेला आणि दोनशे रुपये दंड."

"मंग खाली लिवतो, 'हे घर नव्हे'."

"काय विकायचं ते लिहायचं असतं, म्हात्रे. काय विकायचं नाही ते लिहायला बसलात, तर पाटी अलिबागपर्यंत जाईल. दुरुस्तीचा अर्ज द्या. पुढची सभा फाल्गुनात."

"पोरीचं लगीन माघात हाय वो!"

खोपकर विरघळले. माणूस वाईट नव्हता, फक्त साक्षर होता. त्यांनी पिशवीतून नोंदवही काढली. "हे पाहा, पाटी घर नंबर त्रेचाळीसवर आहे. म्हणजे माझ्या दप्तरी विक्रीला आहे घर नंबर त्रेचाळीस. त्याच्या विक्रीचा कागद आणा, पाटी मी माझ्या हाताने उतरवतो."

हिरामण उपटलेला खिळा हातात घेऊन आत आला आणि भिंतीला टेकून मटकन खाली बसला. आवडाबाईने सगळं ऐकलं होतं.

"मंग मला इका," ती म्हणाली.

"तुला?"

"पैसं न्हाईत. पाटल्या हायेत, माज्या बापानं दिलेल्या."

हिरामणला हसू आलं. बायको म्हणजे घरातलीच, आणि कागद म्हणजे काय, नुसता कागद! हे वाक्य त्याने आजवर पुष्कळांच्या गळी उतरवलं होतं. स्वतःच्या गळी उतरवायची ही पहिलीच खेप, आणि तेही सहज उतरलं. दोघं एस्टीने अलिबागच्या नोंदणी कचेरीत गेली. कारकुनाने दोनदा विचारलं, "बायकोला विकताय?" हिरामणने दोनदा ऐटीत मान हलवली आणि सही ठोकली. आवडाबाईने अंगठा दिला, तोही जपून.

खोपकरांनी पाटी स्वतः उतरवली. सरपंचाने भर चावडीवर हिरामणचा सत्कार केला: नव्या नियमांप्रमाणे झालेला गावातला पहिला निर्मळ व्यवहार! मालक राजी, गिऱ्हाईक राजी आणि कुणाच्या पायाला पाणी लागलं नाही. दादू ठाकूर गूळ घेऊन आले, कागद वाचून घेतला आणि फारच खूश झाले.

"घर इहीनबाईंच्या नावावर? मग फिकीर न्हाय," ते म्हणाले, आणि पुढची सगळी बोलणी त्यांनी आवडाबाईशीच केली.

माघात लग्न झालं. पाटल्या आता हिरामणच्या होत्या, त्या त्याने केसरच्या हातात घातल्या. बाप म्हणून त्याचे डोळे भरून आले. वऱ्हाड गेलं, मांडव उतरला आणि दोन दिवसांनी हिरामण नेहमीसारखा ओटीवरच्या बाकड्यावर गिऱ्हाइकाची वाट पाहत बसला.

आवडाबाई सुपात सुकट घेऊन बाहेर आली. तिने ओटीवर एकदा नजर फिरवली.

"हितं आता सुकट वाळत घालायची हाय. बाकडं गोठ्याकडं न्या."

"गिऱ्हाईक गोठ्यात बसवू?" हिरामण ताडकन उठला. "आवडे, हे घर कोनाचं..."

पुढचं त्याने गिळलं. बाकडं जड होतं. त्याने एका टोकाला धरून ते ओढत ओढत मागे नेलं.