हुशारीचा दाखला

पेण तालुक्यातल्या गडब गावचे शेतकरी केरू म्हात्रे यांच्या वालाच्या शेतात यंदा जानेवारीत एक माकड येऊ लागले. ते सकाळी नऊला येई, शेंगा खाई आणि बाराला जाई. हजेरीच्या बाबतीत ते तालुक्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा नियमित होते. केरूचा त्याच्यावर राग नव्हता. पण लेक निशिगंधा हिच्या सासरची माणसे लग्नानंतर पहिल्यांदाच, येत्या रविवारी, पोपटी खायला येणार होती, आणि मडक्यात वालाच्या शेंगा भरून भाजल्याशिवाय पोपटी होत नाही.

"शेंगा नाय ऱ्हायल्या तर विहीणबायच्या पुढ्यात मडक्यात काय माझं डोकं घालू?" असे केरूची बायको रंभा हिने विचारले. त्यामुळे केरू सोमवारी पेणच्या प्राणी-उपद्रव कक्षात पिंजरा मागायला गेला. तिथे हर्षद नावाचे कनिष्ठ बुद्धिमापन अधिकारी बसत.

"माकड बुद्धिमान आहे की निर्बुद्ध?" हर्षदसाहेबांनी विचारले.

"वांदर हाय, साहेब."

"ते कळलं. पण पिंजरा निर्बुद्ध प्राण्यालाच लावता येतो. बुद्धिमान असेल तर आधी कारणे दाखवा नोटीस. उत्तराला पंधरा दिवस."

"मंग लिवा निर्बुद्ध."

"असं कसं लिहू? चाचणी लागते. शिवाय तुमचं माकड खातं पेण तालुक्यात आणि डोंगरापलीकडे झोपतं रोहा तालुक्यात. रोह्याची ना-हरकत आणा."

मंगळवारी केरू रोह्याला गेला. तिथे माकडाच्या राहण्याचा पुरावा मागितला. केरूने ठाऊक होते ते सांगितले, आणि 'रायवळ आंबा, दुसरी फांदी' असा पत्ता लिहून त्यावर शिक्का मिळाला. कुणीही हसले नाही. इकडे वालाच्या चार ओळी साफ झाल्या.

गुरुवारी शेतातच चाचणी झाली. जमलेल्या मंडळींना हर्षदसाहेबांनी आधी शास्त्र समजावले. लाखो वर्षांपूर्वी माणूस दोन पायांवर उभा राहिला, त्याचे हात मोकळे झाले आणि म्हणून त्याचा मेंदू वाढला. बाकीच्या प्राण्यांचा राहून गेला.

"हात मोकळे कशाला केले, साहेब?" केरूने विचारले.

साहेबांनी फाईल चाळली. "कागद धरायला."

"वांदराचेबी हात मोकळेच हायत की."

"पण त्यात कागद नाहीत," साहेब म्हणाले.

बांधावर टेबल मांडले होते. त्यावर कुलूपबंद डब्यात पाच शेंगा होत्या. दोन्ही उमेदवारांना, म्हणजे माकडाला आणि तुलनेसाठी केरूला, टोकन देण्यात आले. नंबर पुकारला की यायचे आणि शेंगा घ्यायच्या. माकडाने टोकन चावून पाहिले, थुंकले आणि शेतात शिरून ते शेंगा खाऊ लागले. केरू टोकन घेऊन उभा राहिला. मध्ये जेवणाची सुट्टी झाली. पावणेपाचला त्याचा नंबर पुकारला गेला, तेव्हा डब्याची किल्ली पेणला राहिल्याचे आढळले.

"उद्या या," साहेब म्हणाले.

"बरं, साहेब," केरू म्हणाला.

या 'बरं'ला पैकीच्या पैकी गुण मिळाले. सूचनांचे पालन न केल्याने माकड निर्बुद्ध ठरले, आणि केरूला तीन वर्षे वैध असलेला बुद्धिमत्तेचा दाखला जागेवरच देण्यात आला. त्याने तो घरी नेऊन रंभाला दाखवला. तिने तो फडताळात ठेवला आणि शेंगांचे काय, असे विचारले.

पिंजरा रविवारी सकाळी आला. नियम असा होता, की आमिषाच्या दोन किलो शेंगा अर्जदाराने ठेवाव्यात. शेतात तोवर एकही शेंग उरली नव्हती. पोपटीसाठी म्हणून रंभाने वडखळच्या बाजारातून बरोबर दोन किलो आणल्या होत्या. केरूने त्या उचलल्या.

"अवो, शेतात आता ऱ्हायलंय काय राखायला?"

"पिंजरा मंजूर झालाय गो. परत कसा करायचा?"

केरू शेंगा ठेवायला आत शिरला आणि मागे दार पडले. माकडाने बाहेर बसून, गजांतून हात घालून, एकेक शेंग काढून खाल्ली. केरूने एका हाताने शेंगा ओढून धरल्या आणि दुसऱ्या हाताने हर्षदसाहेबांना फोन लावला.

"अडचण आहे," साहेब म्हणाले. "पिंजऱ्यातून सोडण्याचा नमुना फक्त निर्बुद्ध प्राण्यांसाठी आहे. तुम्ही प्रमाणित बुद्धिमान. तुम्हाला नोटीस निघेल. उत्तराला पंधरा दिवस."

"मंग मला निर्बुद्ध लिवा, साहेब."

"त्याला नवी चाचणी लागेल. टोकन उद्या मिळेल."

"बरं, साहेब."

चारच्या सुमारास पाहुणे आले. विहीणबाई रिकाम्या मडक्याकडे बघत म्हणाल्या, "व्याही दिसत नाय कुठं?"

"शेतात हायत, पिंजऱ्यात," रंभा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "सगळ्या गावात हुशार ठरले ना."

माणसालाच एवढी बुद्धी का आली, या प्रश्नावर कक्षाचा अहवाल नुकताच आला आहे. बाकीच्या प्राण्यांनाही संधी होती. त्यांनी अर्जाचा नमुना पाहिला आणि ते निघून गेले, असे त्यात म्हटले आहे. तुम्हाला हसू आले असेल तर जरूर हसा. मग उठून कपाटातली ती प्लॅस्टिकची पिशवी काढा आणि लागल्या तर असाव्यात म्हणून तुम्ही आधारकार्डाच्या किती झेरॉक्स ठेवल्या आहेत ते बघा. माकडाकडे एकही सापडली नाही.