साइन डाय यांचा निरोप समारंभ

अकरा वर्षांपूर्वी आंबेझरीच्या दिवाणी न्यायालयात साइन डाय हे लॅटिन गृहस्थ शैलजा गुळवणी यांच्या फाइलवर येऊन बसले, ते उठलेच नाहीत.

यात बेकायदा काही नव्हते. साइन डाय म्हणजे पुढची तारीख न देता तहकूब. न्यायाधीशांनी ज्या फाइलवर तसा शेरा मारला, तिच्यावर बसून राहायचे हे त्यांचे कामच होते. मूळचे रोमचे. इंग्रजांबरोबर इकडे आले. इंग्रज गेले, यांची बदली करायची राहून गेली. रेकॉर्ड रूममध्ये खिडकीपाशी फाइल, फाइलवर फुलाफुलांची उशी आणि उशीवर ते. स्वभावाने गरीब, कपड्यांत टापटीप, कुणाला कधी उलट बोलले नाहीत.

फाइल वाचनालयाची होती. शैलजाताईंचे यजमान गुळवणी मास्तर घराच्या पुढच्या खोलीत गावासाठी मोफत वाचनालय चालवीत. शेजाऱ्याने त्या खोलीवर हक्क सांगितला. कोर्टाने खोलीला टाळे ठोकले आणि दारात स्टेटस को यांना उभे केले. हेही लॅटिनच, आहे ते आहे तसे राखणे हा त्यांचा हुद्दा. पुढे शेजारी खोलीचा नाद सोडून मुलीकडे नाशिकला राहायला गेला. मास्तर पाच वर्षांपूर्वी वारले. तिरडी त्या बंद दारावरूनच गेली, तेव्हा स्टेटस को यांनी टोपी काढली होती, पण ते बाजूला झाले नव्हते. आता शैलजाताईंना एकच गोष्ट हवी होती. ती खोली उघडायला हवी होती.

त्या सोमवारी त्या पुन्हा शिरस्तेदार चोपदारांच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या.

"अर्ज दिलाय मी. सात वेळा."

"अर्ज फाइलला लावावा लागतो, ताई," चोपदार म्हणाले. "फाइल त्यांच्याखाली."

"मग त्यांना उठवा."

"उठवायचं तर निवृत्तीचा हुकूम पाहिजे. निवृत्तीला जन्मतारीख पाहिजे. यांच्या सेवापुस्तकात त्या रकान्यात नुसती रेघ आहे."

"माफ करा हं, वहिनी," खिडकीपासून साइन डाय म्हणाले. "तारीख अशी माझ्याकडे कधी नव्हतीच."

"तुमचं काय चुकलं, डायसाहेब," शैलजाताई म्हणाल्या.

रज्जाक मुलाणी शिपाई चहाचे कप गोळा करीत होते. ते म्हणाले, "पेडणेकर भाऊसाहेबांना तरी कुठं हुकूम होता?"

"मुलाणी, जुनं उकरू नका."

"उकरायचं काय त्यात? सगळ्या कचेरीसमोर झालं." ते शैलजाताईंकडे वळले. "निरोप होता खाडेंचा. खाडे गेले हात धुवायला आणि त्यांच्या खुर्चीवर टेकले पेडणेकर. तेव्हाचे जजसाहेब चष्मा घरी विसरलेले. पेडणेकरांनाच उभं करून घातली शाल खांद्यावर, दिला नारळ हातात. भाषणं झाली. आता नारळ परत कोण मागणार? गेले घरी रडत रडत. नोकरीची चार वर्षं बाकी होती!"

"दुसऱ्या दिवशी आले असतील ना?"

"कसे येतील? शाल घेतलेली!"

"आणि खाडे?"

"खाडे येत राहिले की पाच वर्षं. शाल मिळाली नव्हती ना."

शैलजाताईंनी हातातली पिशवी टेबलावर ठेवली. मग त्यांनी विचारले, "म्हणजे शाल-नारळ घेतल्यावर या कचेरीत कुणी परत आलेलं नाही?"

चोपदारांनी चष्मा काढला. "आजवर नाही."

"आणि निरोप समारंभाला हुकूम लागतो?"

"हुकूम नाही," चोपदार सावकाश म्हणाले. "हार लागतो."

शैलजाताईंनी तिथेच उभ्याने अर्ज लिहिला. समारंभाचा अर्ज फाइलला लावावा लागत नाही. तो थेट न्यायाधीश बाईंपुढे गेला. बाईंनी तो दोनदा वाचला.

"पूर्वदाखला?"

"पेडणेकर, मॅडम," चोपदार म्हणाले.

बाईंनी समोरचे कॅलेंडर पाहिले. "शनिवार, चार वाजता."

अकरा वर्षांत शैलजाताईंना मिळालेली ही पहिली तारीख होती.

शनिवारी सगळी कचेरी रेकॉर्ड रूममध्ये दाटीवाटीने उभी राहिली. साइन डाय यांनी हार बसल्या बसल्याच घालून घेतला. भाषणे रीतसर झाली. हसतमुख, कामात चोख, त्यांची उणीव भासेल, असे जो तो म्हणाला. मग चोपदार म्हणाले, "ताई, तुम्हीही दोन शब्द बोला."

शैलजाताई पदर सावरून पुढे आल्या. "मला इथं सगळे म्हणायचे, पुढच्या महिन्यात नक्की. वकील म्हणायचे, कारकून म्हणायचे. मी घरी जाऊन यांना तसंच सांगायची. हे बिछान्यावरून विचारायचे, नक्की ना?" त्या खिडकीकडे वळल्या. "डायसाहेब एकटे असे, की ज्यांनी मला कधी खोटी आशा लावली नाही. मी त्यांची आभारी आहे."

साइन डाय मान खाली घालून बसले होते. न्यायाधीश बाई शाल उलगडून पुढे झाल्या आणि दोन पावलांवर थांबल्या. तिथून पुढे त्या येणार नव्हत्या. न्यायाधीशांच्या हातची शाल आजवर कुणी बसून घेतली नव्हती, आणि हे साइन डाय यांच्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हते. कचेरीचे सगळे निरोप याच खोलीत, त्यांच्या डोळ्यांसमोर होत.

त्यांनी शालीकडे पाहिले. शैलजाताईंकडे पाहिले. मग खिडकीच्या गजाला धरून, गुडघे करकरत, ते उठले.

मुलाणींनी फाइल ओढली. ती मधोमध खोलगट झाली होती.

"साहेब उठले!" बाहेर व्हरांड्यात कुणीतरी ओरडले, आणि तिथे खोळंबलेल्या पक्षकारांनी अशा टाळ्या वाजवल्या की वडावरचे बगळे उडाले. ग्रुप फोटो झाला. साइन डाय नारळ पोटाशी धरून हसत होते. पाचच्या एसटीने ते गेले. विद्यापीठात एमेरिटस नावाचा, निवृत्तीनंतरही हुद्दा न सुटलेला, त्यांचा मावसभाऊ असतो. तिकडे आरामात राहीन म्हणाले.

सोमवारी सुनावणी झाली. शेजाऱ्याचे 'हरकत नाही' असे पत्र नऊ वर्षे फाइलला लागण्याची वाट पाहत पडून होते. ते आता वाचले गेले. खोली गुळवण्यांची, टाळे काढावे, असा निकाल झाला. चोपदार निकालाची प्रत घेऊन पुढे, शैलजाताई त्यांच्या बरोबरीने आणि मागे अर्धी कचेरी, अशी सगळी मंडळी भर बाजारपेठेतून घराकडे निघाली. दुकानदार फळ्यांवर उभे राहून पाहत होते. "झालं का, वहिनी?" "झालं!" "उघडणार?" "आत्ता!"

स्टेटस को यांनी निकाल शेवटपर्यंत वाचला, किल्ली दिली आणि ते बाजूला झाले.

आत सगळे होते तसे होते. त्यांनी धूळही बसू दिली नव्हती. मास्तरांच्या टेबलावर देवघेवीची वही उघडी होती. शेवटची ओळ अर्ध्यावर थांबलेली, शेजारी टोपण काढलेले पेन. शैलजाताईंनी त्या ओळीला बोट लावले. बोटाला निळी शाई लागली.

त्या बराच वेळ बोटाकडे पाहत राहिल्या. मग त्या खुर्चीवर बसल्या, मास्तरांची ओळ त्यांनी तशीच राहू दिली आणि तिच्याखाली आजची तारीख घातली.

"बोला. पहिलं कोण?"

स्टेटस को दारातच चुळबुळत होते. "वहिनी, बाहेरचा माणूस सभासद झाला तर चालतं?"

"इथं बाहेरचं कुणी नसतं. बसा."

ते बाकावर बसले. अकरा वर्षांनी बसताना त्यांना जरा अवघड गेले. "किती वाजेपर्यंत उघडं असतं?"

"आठपर्यंत," शैलजाताई म्हणाल्या, आणि त्यांनी पंखा लावला.