मामांना परदेशात करमेना

परदेशातल्या हॉटेलात न्याहारी करताना टायरमामांनी समोरच्या अनोळखी बाईला घरच्या सवयीने सांगितलं, "अगं, मीठ सरकव जरा." बाईने दचकून साखर पुढे केली. मामांनी ती निमूटपणे अंड्यावर घातली आणि खाल्लीसुद्धा. आता माघार घेणं शोभलं नसतं.

आपलं काहीतरी बिघडलंय, हे त्यांना तेव्हाच कळायला हवं होतं.

खरं तर टायर उद्योगाच्या या वार्षिक परिषदेला जायची मामांची केवढी हौस! कंपनी दरवर्षी चांगला धंदा करणाऱ्या विक्रेत्यांना परदेशी न्यायची आणि दरवर्षी मामांचा नंबर थोडक्यात हुकायचा. यंदा लागला. मामांनी गल्लीभर सांगून टाकलं, नवा सूट शिवला आणि दुकानाच्या किल्ल्या मामींच्या हातात ठेवल्या.

"जमेल ना तुला?"

"तुम्ही तुमचं सांभाळा," मामी म्हणाल्या. "पोचलात की फोन करा."

झालं. इतक्या वर्षांच्या संसारात दोघं पहिल्यांदाच एकमेकांपासून असे लांब राहणार होते, आणि त्यावर दोघांचं मिळून झालेलं बोलणं ते एवढंच.

पोचल्यावर मामांनी फोन केला. "माल उतरतोय, मग बोलू," मामी म्हणाल्या. मग केला तेव्हा दूध उतू जात होतं. त्यानंतर केला तेव्हा त्या स्वतःच म्हणाल्या, "किती फोन करता? तिकडचं बघा की!" मामांना मामींना काहीतरी नीट सांगायचं होतं. काय, ते त्यांनाही धड कळत नव्हतं. शिवाय सांगायचं कुठून? खोलीत सोबतीला दुसरा विक्रेता होता आणि तो झोपेतसुद्धा कान टवकारून असायचा. परिषदेच्या दालनात यंत्रांची घरघर, भोंगे आणि भाषणं.

शांत जागा शोधत मामा दालनाच्या टोकाला एका पडद्यामागे शिरले आणि जागच्या जागी थबकले. समोर खाणीतल्या ट्रकचा टायर उभा होता, दोन पुरुष उंचीचा. नव्या रबराचा वास नाकात गेला मात्र, मामांना एकदम दुकानाचं शटर वर केल्यासारखं वाटलं. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. नव्या मालावर बूट घेऊन चढायचं नाही ही शिस्त. मामांनी बूट काढून बाजूला ठेवले, सूट सावरत टायरच्या पोटात जाऊन बसले आणि फोन लावला.

हा टायर म्हणजे परिषदेचं मुख्य आकर्षण होतं. तो फिरताना जराही आवाज करत नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. ते पटवून देण्यासाठी टायर यंत्राने फिरवायचा आणि त्याच्या पोटातला आवाज माइकवरून सगळ्यांना ऐकवायचा असं ठरलं होतं. माइक मामांच्या डोक्याच्या जरा वर, आत चिकटवलेला होता. पडद्यापलीकडे खुर्च्या गच्च भरल्या होत्या आणि कंपनीचे सर्वांत मोठे साहेब म्हणत होते, "आता हा टायर फिरेल, आणि तुम्हाला ऐकू येईल... काहीच नाही!"

"हॅलो, अगं, मी बोलतोय!" दालनभर आवाज घुमला.

मोठे साहेब पाहतच राहिले.

"बोला," मामी म्हणाल्या.

"काही नाही... मला ना, करमत नाही गं."

"काय? मोठ्याने बोला!"

"करमत नाही!" मामा ओरडले. छताला टांगलेल्या भोंग्यांनी ते वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलं. तेवढ्यात टायर हलला. "अगं, हे काय! अगं, मी फिरतोय!"

"फिरा की! त्यासाठीच गेलात ना?"

टायर हळूहळू गरगरू लागला. मामा मोज्यांवर आतल्या आत चालू लागले. थांबलं की मागे वर चढायचे आणि घसरून खाली यायचे. नेमका त्याच वेळी पडदा सरकला. सुटाबुटातल्या, म्हणजे बूट सोडून बाकी सुटातल्या मामांना सगळ्या जगाच्या टायरवाल्यांनी पाहिलं. कुणीतरी यंत्र बंद केलं, कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मामांना घेऊन आलेला कंपनीचा मॅनेजर घामाघूम होऊन धावत आला. मोठ्या साहेबांनी त्यालाच विचारलं, "हे गृहस्थ आत काय म्हणत होते?"

करमत नाही! मॅनेजरने मनातल्या मनात सगळं इंग्रजी उलथंपालथं केलं, पण तो शब्द काही सापडेना. शेवटी तो म्हणाला, "त्यांना कंटाळा आलाय."

साहेबांचा चेहरा उतरला. आपल्या टायरचा कंटाळा? लोकांत कुजबुज सुरू झाली. एवढं इंग्रजी मामांनाही कळत होतं.

"कंटाळा नाही हो!" ते कळवळून म्हणाले. "एवढे टायर बघून कंटाळा येईल का कुणाला?"

"मग बरं नाही का? जेवण आवडलं नाही?" मॅनेजरने विचारलं.

"जेवण चांगलंय, खोली चांगलीय. सगळं चांगलंय, त्याचंच तर वाईट वाटतं. चांगलं काही दिसलं की दाखवायला म्हणून बाजूला वळतो, तर बाजूला कुणी नसतं."

मॅनेजरने हे शब्दाला शब्द जोडत सांगितलं. शेवटचं वाक्य तर त्याने दोनदा सांगितलं. त्याचं लग्न नुकतंच झालं होतं.

मग पहिल्या रांगेतला एक आडदांड माणूस उठला आणि खिशातला फोन काढत बाहेर गेला. त्याच्यामागे दोघं गेले, मग अख्खी रांगच उठली. जो तो कोपरा शोधून आपापल्या भाषेत हळू आवाजात बोलू लागला. मोठ्या साहेबांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, माइक खाली ठेवला, आणि तेही पाठ फिरवून कुणाला तरी फोन लावू लागले.

मामांनी आपला फोन कानाला लावला. मामींनी तो ठेवलाच नव्हता.

"ऐकलंस?"

"हं."

"सगळं?"

"सूट चुरगळला असेल," मामी म्हणाल्या. "आणि सावकाश या. घाई करू नका." पण फोन त्यांनी ठेवला नाही, आणि मामांनीही नाही.

मामा परत आले. मामींनी किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या आणि त्या घरकामाला लागल्या, जणू काही घडलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मामांनी मोठ्या उत्साहाने दुकान उघडलं. पण जो येई तो आधी विचारी, "मामी कुठायत?" एक ट्रकवाला तर सरळ म्हणाला, "मामी असतील तेव्हा येतो. त्या नीट समजावून सांगतात." मामा त्याच्यावर रागवायला गेले, पण राग येईना. त्यांनाही नेमकं तेच विचारायचं होतं.

दुपारी रस्ता सामसूम झाला. मामांनी घरी फोन लावला.

"अगं, जरा येतेस का? गिऱ्हाईक थांबलंय."

"मग तुम्ही बघा की."

"माझं ऐकत नाही. तूच हवीस म्हणतंय."

"कुठलं गिऱ्हाईक?"

मामांनी दुकानभर नजर फिरवली. चहूकडे टायरच टायर आणि मधे ते एकटे.

"आहे एक," ते म्हणाले. "जुनंच आहे. पण जायला तयार नाही."

पलीकडून गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला. मग मामी म्हणाल्या, "बसवून ठेवा त्याला. आलेच."