सृष्टीची तिसरी बोळवण

"या वेळी डोळ्यातून टिपूस गळू देणार न्हाई, बघच तू!" सृष्टीनं आरशातल्या सृष्टीला बजावलं आणि आरशातल्या बाईच्या उजव्या डोळ्याला लगेच धार लागली!

बाळंतपणाला ती वारंगा फाट्याला माहेरी आली. लेकरू पाच महिन्यांचं झालं, तरी तिची बोळवण काही होईना. पुसेगावहून नवरा वैजनाथ आणि सासू गोजरबाई दोनदा न्यायला आले आणि दोनदा रिकामी गाडी घेऊन परत गेले. कारण गोजरबाईंचा नेम! "रडती सून उंबऱ्याच्या आत आणायची न्हाई. मन भरलं की हसत यील." आणि सृष्टीचे डोळे म्हणजे फुटलेला कालवा! घर हमरस्त्याला लागून. ट्रकची धूळ, वरून थंडीचा बोचरा वारा. घरातून पाय बाहेर टाकला की गाल ओले.

तिला रडू येत नव्हतं हो! तिला जायचं होतं. लेकरू नुकतंच पालथं पडायला लागलं होतं. पडायचं, मान उचलायचं आणि कुणी बघितलं का म्हणून सगळीकडे बघायचं! वैजनाथला दाखवावं म्हणून मोबाईल समोर धरला की ते मोबाईलच तोंडात घालायचं. बापाला महिनाभर लेकाची जीभच तेवढी दिसत होती. आणि उद्यापासून पौष लागणार. पौषात नेणं-आणणं बंद. आज नाही, तर आणखी महिनाभर नाही!

म्हणून तर ती नांदेडला डोळे दाखवून आली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळे कोरडे पडलेत, म्हणून पाणी येतंय."

घरी येऊन तिनं हे सांगितलं, तशी तिची माय नीलाबाई हातातलं लाटणं खाली ठेवून हसली. "वाहून राहिलेत अन् कोरडे म्हने! मंग भरलेली हीर बी कोरडीच म्हनायची का?"

"अगं माय, डोळ्याला ओल कमी पडती. मग डोळा चिडतो अन् नुसतं पाणी सोडतो."

"चिडणारच की! माहेर सोडावं लागून राहिलं त्याला!"

आता बोला!

तरी सृष्टीनं सगळं बराबर केलं. गरम फडक्याचा शेक घेतला. डोळे चोळले नाहीत. काजळाची डबी फळीवर पार मागं ढकलली. फाट्यावरच्या टपरीतून वाऱ्यासाठी काळा गॉगल आणला. बाहेर हॉर्न वाजला, तशी तिनं घाईघाईत औषध टाकलं. एक थेंब सांगितला होता, पडले चार! ते गालावर ओघळायला आणि गोजरबाई दारात उभ्या राहायला एकच गाठ पडली.

"आतापासूनच सुरू?"

"न्हाई आत्याबाई, हे औषध हाय!"

"रडायचं बी औषध निघालं का आता?"

सृष्टीनं पदरानं गाल टिपले, गॉगल चढवला, लेकरू कडेवर घेतलं आणि काठाच्या साडीत, सिनेमातल्या चोरासारखी, अंगणात आली. तेवढ्यात शेजारच्या भिकाबाई ओटी भरायला आल्या. त्यांच्या हातातला नारळच सुटला!

"अगं बया! जावयानं डोळा काळानिळा केला का काय?"

"मावशी, मी आत्ता गाडीतून उतरलो!" वैजनाथ कळवळला. "मोबाईलवरून मारलं का मी?"

"मंग गॉगल काहून? काढ, काढ!"

सृष्टीनं काढला. आणि त्याच घडीला रस्त्यावरून उसाचा ट्रक गेला. धुळीचा लोट अंगणात! डोळे लालभडक, दोन्ही गालांवर धारा!

"माझं लेकरू गं!" भिकाबाई तिच्या गळ्यात पडल्या आणि त्यांनी गळा काढला. आता बोळवणीला एकीनं गळा काढला की दुसरीनं तो धरायलाच लागतो. नाहीतर लोक म्हणतात, काय दगडाची बाई आहे! नीलाबाईनं धरला. तिच्या मागोमाग, इहिणीनं मागं कसं राहावं म्हणून, गोजरबाईंनी धरला. लेकरू दचकलं, त्यानं सगळ्यांच्या वरचा सूर लावला. वैजनाथही नाक पुसू लागला. अख्ख्या अंगणात रडत नव्हती ती एकटी सृष्टी, आणि सगळ्यांत जास्त पाणी तिच्याच डोळ्यांतून!

"मी रडत न्हाई! मला जायचंय!" ती इतक्या जोरात ओरडली की आवाज फाटला.

"ऐकला का हुंदका?" भिकाबाई म्हणाल्या.

गोजरबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "लई जड जातंय गं तुला. मी बी सून होते, कळतंय मला. ऱ्हा बाई आणखी महिनाभर."

"आत्याबाई, तसं न्हाई हो!"

वैजनाथ जवळ आला, खालच्या आवाजात म्हणाला, "तुझं मन न्हाई, तर मी जबरी करणार न्हाई, सृष्टी."

"मन हाय हो! डोळेच ऐकून न्हाई राहिले!"

त्यानं मान हलवली. लेकराचा मुका घेतला, तो दाढी टोचेपर्यंत घेतला. मग गाडी वळली आणि उसाच्या ट्रकमागे दिसेनाशी झाली.

सृष्टी फाटकाला धरून उभी राहिली. खरं रडू आता आलं होतं. पण डोळ्यातून एक टिपूस गळेना. वारा पडला. धूळ खाली बसली. चार थेंबांनी आपलं काम चोख केलं. डोळे स्वच्छ, लख्ख!

नीलाबाईनं तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं.

"बघ गं भिका! ऱ्हायची म्हनल्याबराबर पानी बंद! मी काय म्हनत होते?" आणि डोळे पुसत तिनं लगोलग गाडीतल्या गोजरबाईंना मोबाईल लावला. "इहीणबाई, काही काळजी करू नका! पोरगी लई खुश हाय!"