मधल्या जिन्यावरची ट्रॉली

अण्णांनी नवी ट्रॉली घरात आणली तेव्हा बायकोनं तिच्याकडे सवत आल्यासारखं पाहिलं. ट्रॉली होतीच तशी देखणी. लालभडक अंग, जाडजूड पट्टे, पाठीला बॅटरी, आणि बटण दाबलं की एकेक पायरी चढत जाणारे लोखंडी पाय. अण्णांचा धंदा अवजड मशिनं हलवण्याचा. त्यातही बिस्किटं नि थंड पेयं विकणारी, कपाटाएवढी, काचेच्या दाराची मशिनं हलवावीत ती अण्णांनीच. आजवर हे सगळं जुन्या दोन चाकी हातगाडीवर, हमालांच्या खांद्यांवर आणि बायकोच्या हुकमावर चालत आलं होतं.

"दुकानदारानं वापरून बघायला दिलीय," अण्णा म्हणाले. "उद्या संध्याकाळी येईल. पटली तर घ्यायची, नाही तर परत."

"उद्याचं मशीन हमाल न बोलावता पोचलं, तर घ्या," बायको म्हणाली. "हमालांना एक फोन जरी लागला, तरी ट्रॉली दुकानात आणि तुम्ही हातगाडीला."

"लागली पैज."

इथवर सगळं ठीक होतं. पण नवी वस्तू आणून शेजाऱ्यांना न दाखवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. अण्णांनी संध्याकाळभर घरचा फ्रिज जिन्यानं वर नेऊन दाखवला, खाली आणून दाखवला. मग समोरच्यांचं कपाट. मग समोरच्यांच्या सासूबाई, त्यांच्याच आग्रहावरून, खुर्चीसकट. बॅटरीचा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही, कारण सगळे टाळ्या वाजवण्यात दंग होते.

दुसऱ्या दिवशी अण्णा कामावर हजर झाले. सोबत मेव्हणा होता. हा मेव्हणा पगार अण्णांचा घ्यायचा आणि बातम्या ताईला पुरवायचा. काम तसं छोटं होतं. एका ऑफिसातलं मशीन दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्यावर न्यायचं. लिफ्टच्या दारातून ते मावत नव्हतं, म्हणून जिना. दुसऱ्या मजल्यावर विक्री विभाग, तिसऱ्यावर हिशेब विभाग, आणि या मशीनवरून दोघांमध्ये विस्तव जात नव्हता. हिशेबवाल्यांनी वरपर्यंत तक्रारी करकरून शेवटी मशीन मिळवलं होतं.

"भावोजी, आधी रिकामं करू ना?" मेव्हण्यानं विचारलं.

"रिकामं करायचं ते हातगाडीसाठी. ही भरलेलं नेते."

विक्री विभागाच्या मॅडम दारात उभ्या राहून लेक सासरी निघाल्यासारखं मशीनकडे बघत होत्या. अण्णांनी ट्रॉलीचा खालचा सपाट पत्रा मशीनखाली सरकवला, पट्टे आवळले, बटण दाबलं. ट्रॉली टुकूटुकू चढायला लागली. अण्णांची छाती इतकी फुगली की जिना अरुंद वाटू लागला. दोन मजल्यांच्या मधोमध, जिना वळतो तिथल्या ऐसपैस जागेवर ट्रॉली पोचली, एक बारीक हुंदका दिला आणि गप्प झाली.

"बसली," मेव्हणा म्हणाला आणि खिशातून फोन काढला.

"फोन आत ठेव. चार्ज संपलाय फक्त. तोवर मशीन ट्रॉलीवरून उतरवू."

पण ते जमेना. चार्ज संपला की ट्रॉलीचा ब्रेक आपोआप लागतो आणि पुन्हा चार्ज होईपर्यंत सुटत नाही. दुकानदारानं हाच गुण सगळ्यात जास्त वेळ सांगितला होता. मशीन ट्रॉलीवर ताठ उभं होतं, ट्रॉली मागं ओढल्याशिवाय ते उतरणार नव्हतं, आणि ट्रॉलीनं जमिनीत मुळं धरली होती.

अण्णा वर गेले. हिशेबाचे साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "मशीन आमच्या मजल्यावर आलंय का? नाही ना. मग वीज आमची कशी?"

अण्णा खाली आले. मॅडम म्हणाल्या, "आमचं मशीन पळवायचं, ते पण आमच्याच विजेवर?"

अण्णांनी इतक्या वेळा जिना चढ-उतार केला की ट्रॉलीच्या वाटणीचं काम त्यांच्याच पायांनी केलं. शेवटी मॅडमना पाझर फुटला. त्यांनी लांब वायर दिली, पण एका अटीवर. मशीन जाईपर्यंत चालू राहायला हवं, त्यांच्या लोकांचा चहाचा वेळ झाला होता. वायरीला जागा एकाच प्लगची. मॅडमनी स्वतःच्या हातानं तीत मशीनचा प्लग खुपसला.

मशीन उजळलं. खालून विक्रीवाले आले. उजेड बघून वरून हिशेबवाले आले. पायऱ्यांवर बसून लोक बिस्किटं खायला लागले. साहेबांना सुटे सापडेनात, तर मॅडमनी स्वतःचे दिले. अण्णा मात्र चार्जरचा प्लग हातात धरून पाहुण्यांना पाणी विचारावं तसे फिरत होते. "पाच मिनिटं माझा लावू का?"

"थांबा हो," सगळे म्हणत होते. "खाऊ तर द्या."

तेवढ्यात अण्णांच्या मागून ओळखीचा आवाज आला. "हेच का ते वर पोचलेलं मशीन?"

बायको. मेव्हण्यानं फोन आत ठेवला होता खरा, पण मेसेज पाठवून झाल्यावर.

"हमालांना बोलवू का, ताई?" मेव्हणा म्हणाला.

अण्णा काही बोलणार, इतक्यात वरून कंपनीचे मोठे मालक उतरले. पायऱ्यांवर दोन्ही विभाग मांडीला मांडी लावून बसलेले बघून ते थबकले. या दोघांना बोलतं करायला त्यांनी सहली काढल्या होत्या, भाषणं ठेवली होती. कशाचा म्हणून उपयोग झाला नव्हता.

"इथं कुणी ठेवलं हे?"

अण्णांना कुठं लपावं कळेना. "मी. पण ते जरा..."

"काय नेमकी जागा हेरलीत. दोन्ही मजल्यांना सारखीच. इथून हलवायचं नाही आता. आणि हे लाल स्टँड फारच मजबूत दिसतंय. तुमच्याकडचंच का?"

अण्णांचा चेहरा पडला. "नाही नाही, ती माझी..."

"आमच्याकडचंच," बायको शांतपणे म्हणाली. "स्टँडचे पैसे वेगळे लावावे लागतील."

"लावा की," मालक म्हणाले आणि चॉकलेट घेऊन वर गेले.

संध्याकाळी दुकानदार घरी आला. बायकोनं ट्रॉलीची किंमत मोजून दिली, वर चहाही पाजला. तो गेल्यावर अण्णा रडवेल्या आवाजात म्हणाले, "असं कसं विकलंस तिला?"

"हमालांना फोन गेला का?"

"नाही."

"मशीन पोचलं का, जिथं त्यांना हवं होतं तिथं?"

"पोचलं."

"मग पैज तुम्हीच जिंकलात. ट्रॉली घ्यायची ठरली होती, घेतली."

"घेतली, पण मला वापरायला कुठं मिळणार?"

"वापरात आहेच की. अख्खं मशीन उभं आहे तिच्यावर."

हल्ली अण्णा कुठलंही काम असलं तरी त्या ऑफिसावरून वाट वाकडी करतात. हातगाडी खाली ठेवून जिना चढतात आणि मशीनमधून एक थंड बाटली घेतात. मग कुणी बघत नाहीसं पाहून खाली वाकतात आणि रुमालानं ट्रॉलीचे लोखंडी पाय पुसतात. दोन्ही मजल्यांवरचे लोक म्हणतात, असा सेवाभावी माणूस आजकाल मिळत नाही.